आभासी जगांतील समाजजीवन

आभासी जगांतील समाजजीवन ही संज्ञा संगणकाने निर्माण केलेल्या आणि आंतरजालावरून एकाच वेळी अनेकांना वावरता येईल अशा स्थळांशी संबंधित आहे. या स्थळांमध्ये आकाराला आलेले मानवी संबंध, रूढी, संस्था, भाषा, अर्थव्यवहार आणि विधी यांना उद्देशून ती वापरली जाते. अशा स्थळी प्रत्येक सहभागी व्यक्तीचे एक प्रतिरूप असते. त्याला 'अवतार' म्हणतात. अवतारामार्फत व्यक्ती चालते, बोलते, वस्तू मिळवते, देवघेव करते, मैत्री जोडते आणि भांडतेही. एखादी व्यक्ती बाहेर पडली तरी ते जग चालूच राहते, हे आभासी जगाचे मुख्य लक्षण मानले जाते. पत्रातून किंवा दूरध्वनीवरून दोन माणसे एकमेकांशी बोलतात. आभासी जगात ती एका ठिकाणी जमतात. तेथील समाजजीवन या जमण्यातूनच उभे राहते.

या जगांचा आरंभ १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. भारतात त्यांचा मोठा प्रसार २०१८ नंतर मोबाइलवरील खेळांमधून झाला. महाराष्ट्रातील उल्लेखनीय घटनांमध्ये आयआयटी मुंबईचा २०२० सालचा आभासी पदवीप्रदान समारंभ आणि पुण्यात तयार झालेला 'इंडस' हा खेळ यांचा समावेश होतो.

संज्ञा व व्याप्ती

आंतरजालावरील प्रत्येक समूहाला आभासी जग म्हणता येत नाही. निरोप पाठवण्याच्या गटात माणसे असतात, पण तेथे 'जागा' नसते. आभासी जग म्हणवण्यासाठी साधारणतः तीन गोष्टी लागतात: सर्वांना सारखेच दिसणारे एक स्थळ, त्या स्थळी प्रत्येकाचा अवतार, आणि कोणी आले-गेले तरी टिकून राहणारी परिस्थिती. या जगांचे दोन ढोबळ प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात खेळाचे ठरलेले उद्दिष्ट असते, उदाहरणार्थ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. दुसऱ्या प्रकारात असे उद्दिष्ट नसते. काय करायचे हे रहिवासी स्वतः ठरवतात. 'सेकंड लाइफ' हे त्याचे ठळक उदाहरण होय.

'अवतार' हा शब्द मूळ संस्कृत असून 'खाली उतरणे' हा त्याचा धात्वर्थ आहे. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ मधील 'अल्टिमा ४' या खेळात आणि पाठोपाठ 'हॅबिटॅट' या आभासी जगात तो वापरला गेला. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ मधील 'स्नो क्रॅश' या कादंबरीने तो सर्वदूर पोहोचवला. 'मेटाव्हर्स' हा शब्दही त्याच कादंबरीतला. अशा रीतीने भारतीय भाषांना परिचित असलेला शब्द नवा अर्थ घेऊन परत आला. मराठीत मात्र या व्यवहाराला 'सोंग' हा शब्द अधिक जवळचा ठरतो. भारुडातील सोंगे, कोकणातील दशावतार आणि गावोगाव हिंडणारे बहुरूपी यांच्या परंपरेत सोंग घेणारा आणि पाहणारा दोघांनाही ते सोंग असल्याचे ठाऊक असते. तरीही सोंगाच्या तोंडून निघालेले बोल खरे मानून ऐकले जातात. आभासी जगातील अवताराशी माणसाचे असलेले नातेही काहीसे असेच आहे.

इतिहास

एसेक्स विद्यापीठातील रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये 'मड' नावाचे जग लिहावयास घेतले. पुढे रिचर्ड बार्टल यांनी ते विकसित केले. त्यात चित्रे नव्हती. खोल्या, वाटा, वस्तू आणि माणसे यांची वर्णने पडद्यावर अक्षरांत उमटत, आणि खेळणारा आज्ञा टंकलिखित करून हिंडत असे. या धर्तीवरील जगांना पुढे 'मड' हेच सामान्यनाम मिळाले.

लुकासफिल्म या संस्थेने १९८६ मध्ये 'हॅबिटॅट' चालवून पाहिले. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर, दूरध्वनीच्या तारेतून जोडले जाणारे हे चित्रमय जग होते. त्याच्या अनुभवावर या दोघांनी लिहिलेला निबंध आजही या विषयातील प्राथमिक वाचन समजला जातो. रचनाकारांनी आखलेल्या कार्यक्रमांपेक्षा रहिवाशांनी स्वतः उभे केलेले उद्योग अधिक तग धरतात, हा त्यातील एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे. हॅबिटॅटमध्ये शस्त्रे बाळगू द्यावीत की नाहीत यावरून वाद पेटला. एका रहिवाशाने शस्त्रसंन्यास सांगणारा धर्मपंथ स्थापन केला. ही व्यक्ती प्रत्यक्ष जीवनात ख्रिस्ती धर्मगुरू होती. पुढे तेथे शांतता राखण्यासाठी मतदानाने शेरीफही निवडला गेला.

१९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९८ मध्ये दक्षिण कोरियात 'लिनेज' आणि १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' ही जगे आली. २००३ मध्ये आइसलँडच्या सीसीपी कंपनीचे 'ईव्ह ऑनलाइन' आणि लिंडेन लॅब या अमेरिकी कंपनीचे 'सेकंड लाइफ' सुरू झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची वर्गणीदार संख्या २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोहोचली. मुलांमध्ये 'रोब्लॉक्स' आणि 'माइनक्राफ्ट' ही जगे विशेष रुजली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने 'मेटा' हे नाव धारण केल्यावर हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तोवर या जगांतील समाजजीवनाला चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

समाजरचना

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये मडमध्ये येणाऱ्यांचे चार वर्ग मांडले: पराक्रम गाजवू पाहणारे, जग धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. या चौघांचे प्रमाण बिघडले की जगाचा स्वभाव बदलतो. कुरघोडी करणारे वाढले की माणसांसाठी येणारे निघून जातात, आणि काही काळाने कुरघोडी करावयासही कोणी उरत नाही.

आभासी जगातील मूलभूत सामाजिक घटकाला 'गिल्ड' किंवा 'क्लॅन' म्हणतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आरंभीच्या काळात सर्वांत अवघड मोहिमांसाठी ४० जण एकाच वेळी लागत. त्यासाठी वेळ ठरवणे, कामे वाटणे, नवख्यांना शिकवणे आणि रुसलेल्यांची समजूत काढणे भाग पडे. गावच्या सप्ताहाचे नियोजन करणाऱ्यांना हे काम अपरिचित वाटणार नाही. मोहिमेत मिळालेली वस्तू कोणाला द्यायची हा नेहमीचा कलहाचा विषय. त्यावर एव्हरक्वेस्टमधील गिल्डांनी हजेरी आणि श्रम यांनुसार गुण देण्याची पद्धत काढली. ज्याचे गुण अधिक त्याने वस्तू घ्यावी आणि तितके गुण खर्ची टाकावेत असा तिचा व्यवहार होता. ही पद्धत कंपनीने घालून दिली नव्हती. खेळणाऱ्यांनीच ती घडवली आणि एका जगातून दुसऱ्या जगात नेली.

अशा संबंधांची खोली किती असू शकते याचे बहुचर्चित उदाहरण नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाचे आहे. स्नायूंची शक्ती क्षीण करणाऱ्या ड्युशेन या अनुवांशिक आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता. २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी त्याचे निधन झाले. आपला मुलगा एकाकी आयुष्य जगून गेला, अशी आईवडिलांची समजूत होती. त्याच्या अनुदिनीवर त्यांनी निधनाची वार्ता लिहिली, तेव्हा अनेक देशांतील अनोळखी माणसांची सांत्वनपत्रे येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो 'इबेलिन' या नावाने वावरत असे, आणि 'स्टारलाइट' या गिल्डमधील अनेकांचा तो जिवाभावाचा सोबती होता. गिल्डमधील काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले. बेंजामिन री यांनी त्याच्या जीवनावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. मुलाच्या या वर्तुळाची आईवडिलांना तो गेल्यानंतर ओळख व्हावी, ही या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. घराघरांत याविषयी किती कमी बोलले जाते हेही तिच्यामुळे पुढे आले.

भाषा

प्रत्येक आभासी जगाची स्वतःची बोली तयार होते. तिचे शब्द सहसा इंग्रजी असतात, परंतु व्याकरण बोलणाऱ्याच्या मातृभाषेचे असते. मराठी मुलांच्या बोलण्यात 'पोचिंकीला उतरू', 'मला रिव्हाइव्ह कर', 'त्याने मागून रश केला', 'लूट तुला ठेवली आहे' अशी वाक्ये सहज येतात. पोचिंकी हे 'पब्जी' या खेळातील एका काल्पनिक बेटावरचे गाव आहे. तालुक्याचे ठिकाण ज्या सहजतेने सांगावे त्याच सहजतेने हे नाव उच्चारले जाते. 'नूब' म्हणजे नवखा, 'कॅम्पर' म्हणजे एका जागी दबा धरून बसणारा, 'टीममेट' म्हणजे सोबती, हे शब्द खेळाबाहेरच्या थट्टामस्करीतही शिरले आहेत.

लिखित संवादात मराठी बहुधा रोमन लिपीत उतरते. बोलण्यात मात्र तशी अडचण नाही. ध्वनिसंवादाची सोय असलेल्या खेळांमध्ये आवाजावरून आणि हेलावरून माणूस कोणत्या भागातला हे ओळखू येते. परभणी-नांदेडकडचा मुलगा आणि कोल्हापूरचा मुलगा एकमेकांना न पाहता गावाची चौकशी करतात. अनोळखी चमूत मराठी आवाज ऐकू आला की ओळख निघते. त्याच वाटेने कधी बोलीची टवाळीही होते.

सण, विधी आणि शोक

अनेक आभासी जगांत ऋतूंचे व सणांचे उत्सव होतात. काही कंपनी आयोजित करते, तर काही रहिवासी. सेकंड लाइफमध्ये २००५ पासून कर्करोग निवारणासाठी निधी गोळा करणारी वार्षिक पदयात्रा निघते. तेथे जमलेला पैसा प्रत्यक्ष संस्थेला जातो. २०२०च्या टाळेबंदीत अनेक देशांत 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये विवाह आणि वाढदिवस साजरे झाले. एप्रिल २०२० मध्ये 'फोर्टनाइट'मधील ट्रॅव्हिस स्कॉट या गायकाच्या कार्यक्रमाला एकाच वेळी १ कोटी २३ लाख अवतार उपस्थित होते.

शोकविधी हा या संस्कृतीचा गंभीर भाग आहे. ईव्ह ऑनलाइनमध्ये 'व्हाइल रॅट' या नावाने ख्याती मिळवलेले शॉन स्मिथ हे अमेरिकी परराष्ट्र सेवेत होते. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेंगाझी येथील हल्ल्यात ते मारले गेले. त्यानंतर त्या जगात ठिकठिकाणी दीपज्योतींसारखे संकेत पेटवून त्यांना श्रद्धांजली वाहण्यात आली. याउलट २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका दिवंगत सहभागिनीसाठी शोकसभा भरली असता दुसऱ्या गिल्डने तिच्यावर हल्ला चढवला. खेळाच्या नियमांत हल्ल्याला मुभा होती. तरीही तो योग्य होता का, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. नियमाने जे चालते ते रीतीला धरून असतेच असे नाही, हा भेद येथे ठळकपणे दिसतो.

अर्थव्यवहार

आभासी वस्तूंना खरी किंमत येते, कारण त्या मिळवण्यासाठी खरा वेळ खर्च झालेला असतो. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये एव्हरक्वेस्टमधील 'नॉराथ' या प्रदेशाचा अभ्यास केला. तेथील वस्तूंच्या लिलावातील किमतींवरून त्याचे दरडोई उत्पन्न त्या काळच्या रशियाच्या आसपास येते, असे त्यांनी मांडले. हॅबिटॅटमध्ये त्यापूर्वीच एक धडा मिळाला होता. एका यंत्रात बाहुली स्वस्त मिळते आणि गहाणवटीच्या दुकानात ती महाग विकली जाते, हे काही रहिवाशांनी हेरले. रात्रभर फेऱ्या मारून त्यांनी इतकी कमाई केली की त्या जगातील एकूण चलन एका रात्रीत पाचपट झाले.

सेकंड लाइफमध्ये 'लिंडेन डॉलर' हे चलन असून ते खऱ्या डॉलरमध्ये बदलता येते. २००३ च्या अखेरीस लिंडेन लॅबने रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंवरील निर्मितीहक्क त्यांच्याकडेच राहतील असे जाहीर केले. यामुळे कपडे, घरे, फर्निचर घडवून विकणारा कारागीर वर्ग तयार झाला. त्याचबरोबर बनावट पेढ्याही निघाल्या. 'जिंको फायनान्शियल' ही तेथील पेढी २००७ मध्ये बुडाली. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांची जी अवस्था होते तीच येथेही झाली. अखेर जानेवारी २००८ मध्ये लिंडेन लॅबने अशा पेढ्यांवर बंदी घातली.

आभासी वस्तूची चोरी ही खरी चोरी आहे का, या प्रश्नावर नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निर्णय दिला. 'रूनस्केप' या खेळातील ताईत आणि मुखवटा एका मुलाला मारहाण करून व धाक दाखवून काढून घेण्यात आला होता. या वस्तू मिळवण्यासाठी मुलाने वेळ आणि श्रम वेचले होते, आणि त्यांवर त्याचा ताबा होता. म्हणून त्या हिरावून घेणे ही चोरीच होय, असे न्यायालयाने मानले.

शासन आणि न्याय

आभासी जगाचा मालक ही कंपनी असते आणि रहिवासी हा तिचा ग्राहक. परंतु एकत्र राहणाऱ्यांचे प्रश्न ग्राहकसेवेने सुटत नाहीत, हे वारंवार अनुभवास आले आहे. पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'लॅम्डामू' या अक्षरमय जगात १९९३ मध्ये एका सहभागीने इतरांच्या अवतारांवर जबरदस्तीने लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. तेथे कोणाच्या शरीराला स्पर्श झाला नव्हता; पीडितांची मानहानी मात्र खरी होती. सभा भरली, मते मांडली गेली, पण एकमत झाले नाही. शेवटी एका व्यवस्थापकाने त्या सहभागीचे खाते नष्ट केले. त्यानंतर तेथे अर्ज व मतदान यांची पद्धत अस्तित्वात आली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी लिहिलेल्या वृत्तांतामुळे ही घटना आभासी जगांच्या कायदेविषयक चर्चेचा आरंभबिंदू ठरली.

ईव्ह ऑनलाइनमध्ये २००८ पासून सहभागी मतदान करून एक प्रतिनिधी मंडळ निवडतात. हे मंडळ कंपनीपुढे गाऱ्हाणी व सूचना मांडते. अंतिम अधिकार कंपनीकडेच असतो. याच जगात जानेवारी २०१४ मध्ये एका प्रदेशाचे भाडे वेळेवर भरले न गेल्याने जवळपास एक दिवस चाललेले युद्ध झाले. त्यात सात हजारांहून अधिक जण सामील झाले. नष्ट झालेल्या जहाजांची किंमत सुमारे ३ लाख डॉलर असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला.

सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका राक्षसाच्या शापाचा रोग चुकून शहरांत पसरला. काही जण उपचार करण्यासाठी धावले, काहींनी शहर सोडले, तर काहींनी मुद्दाम रोग पसरवला. कंपनीला अखेर यंत्रणा पूर्ववत करावी लागली. एरिक लॉफग्रेन आणि निना फेफरमन यांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात या घटनेचा साथरोगशास्त्राच्या दृष्टीने विचार मांडला. कोविड-१९च्या काळात त्या लेखाकडे पुन्हा लक्ष गेले.

जगाचा अंत आणि स्थलांतर

आभासी जग हे भाड्याच्या घरासारखे असते. कंपनीने यंत्रे बंद केली की रस्ते, घरे, बागा, स्मृतिस्थळे हे सारे एका क्षणात नाहीसे होते. 'उरू' हे जग ९ फेब्रुवारी २००४ रोजी बंद झाले, तेव्हा त्याच्या रहिवाशांनी 'देअर' आणि 'सेकंड लाइफ' या जगांत आश्रय घेतला आणि तेथे आपल्या मूळ जगासारख्या वास्तू उभारल्या. सेलिया पिअर्स यांनी या स्थलांतराचा अभ्यास करून २००९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वस्ती उठली तरी वस्तीची ओळख टिकते, हे त्यातून दिसते. धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसे नव्या गावठाणात जुन्या देवळाचे नाव चालू ठेवतात. त्या प्रवृत्तीशी हे वर्तन मिळतेजुळते आहे. फरक इतकाच की धरणग्रस्ताला कायद्याने मोबदला मागता येतो. आभासी जगाच्या रहिवाशाने मात्र प्रवेशाच्या वेळी मान्य केलेल्या अटींत असे हक्क बहुधा सोडून दिलेले असतात.

'सिटी ऑफ हिरोज' हे जग २०१२ मध्ये बंद पडले. पुढे ते चाहत्यांनी स्वतःच्या यंत्रांवर चालू केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांपैकी एका गटाला मूळ कंपनीकडून रीतसर परवाना मिळाला.

भारतात

२००० च्या दशकात भारतीय शहरांतील सायबर कॅफेंमध्ये 'काउंटर-स्ट्राइक' एकत्र बसून खेळले जाई. दशकाच्या मध्यास 'रॅग्नारोक ऑनलाइन' व 'ए३' या कोरियन जगांच्या भारतीय आवृत्त्याही आल्या, परंतु त्या फार काळ टिकल्या नाहीत. घरगुती संगणक आणि वेगवान जोडणी त्या काळी थोड्यांनाच परवडत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले. मार्च २०१८ मध्ये 'पब्जी मोबाइल' आला आणि चित्र पालटले.

पब्जीत १०० जण एका बेटावर उतरतात आणि अखेरीस टिकणारा चमू जिंकतो. एक डाव साधारण अर्ध्या तासात संपतो आणि पुढच्या डावात बेट पुन्हा कोरे असते. त्यामुळे काटेकोर व्याख्येनुसार ते टिकाऊ जग नाही. पण मित्रयादी, क्लॅन, नाव, पोशाख आणि प्रतिष्ठा डावानंतरही टिकून राहतात. चौघांचा चमू हा त्याचा सामाजिक गाभा होता. जखमी सोबत्याला उठवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागे.

मार्च २०१९ मध्ये गुजरातमधील राजकोट येथे पोलिसांनी या खेळावर बंदी घातली व काही तरुणांना अटकही केली. त्याच वर्षी एका शाळकरी मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात बंदीची मागणी करणारी जनहित याचिका दाखल झाली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली. त्यामागे सार्वभौमत्व व सुरक्षितता ही कारणे देण्यात आली. २ जुलै २०२१ रोजी तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला. त्यात १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा काढून टाकण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' या खेळावरही बंदी आली होती. प्रत्येक बंदीच्या वेळी क्लॅन विखुरले आणि अनेकांची केवळ टोपणनावाने असलेली ओळख तुटली. बंदीच्या चर्चेत सुरक्षितता आणि व्यसन यांवर पुष्कळ बोलले गेले. या तुटलेल्या संबंधांचा उल्लेख क्वचितच झाला.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा संमत केला. तो ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळायचे खेळ यांत भेद करतो व शेवटच्या प्रकारास मनाई करतो.

महाराष्ट्रात

आयआयटी मुंबईने २३ ऑगस्ट २०२० रोजी आपला ५८वा पदवीप्रदान समारंभ आभासी वास्तव तंत्राने पार पाडला. टाळेबंदीमुळे विद्यार्थी घरोघरी होते. प्रत्येक पदवीधराचा अवतार मंचावर येऊन संचालकांच्या अवताराकडून पदवी स्वीकारत असल्याचे दृश्य त्यांनी घरबसल्या पाहिले. भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिक विजेते डंकन हॉल्डेन हे प्रमुख पाहुणे होते. शैक्षणिक संस्थेच्या एका गंभीर विधीला आभासी स्थळी मान्यता मिळण्याचा हा महाराष्ट्रातील ठळक प्रसंग होय.

पुणे हे खेळनिर्मितीचे एक केंद्र आहे. तेथील सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. भारतीय परंपरेतील रूपे भविष्यकाळात कल्पून त्यातील 'वीरलोक' नावाचे जग रचले आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा २०२० मधील खेळ भारतीय पुराणकथा व स्थापत्य यांवर आधारित आहे. मात्र तो एकट्याने खेळायचा असल्याने आभासी जगांत गणला जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहत कार्यक्रमाने माइनक्राफ्टच्या साहाय्याने रहिवाशांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करवून घेण्याचा जो उपक्रम २०१२ पासून चालवला, त्यात मुंबईतील वस्तीचाही समावेश होता.

मोठ्या शहरांबाहेर, परभणी जिल्ह्यातील पालम किंवा गंगाखेड यांसारख्या तालुक्याच्या गावांतील मुलांना या जगांचे दार मोबाइलनेच उघडून दिले. तेथे आभासी आणि प्रत्यक्ष समाज पुष्कळदा एकच असतो. चमूतील चौघे एकाच आळीतले असतात आणि पारावर, ओट्यावर किंवा एसटी स्थानकाच्या बाकावर शेजारी बसून एकाच बेटावर उतरतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी त्यांतील कोणी पुण्या-मुंबईला गेला, की तोच चमू दुराव्यातही भेटत राहण्याचे साधन बनतो. मुलींचा सहभाग अशा बैठकांत दिसत नाही. ज्या खेळतात त्या घरात, आणि अनेकदा पुरुषी नावाने किंवा ध्वनिसंवाद बंद ठेवून खेळतात. शहरी आणि परदेशी अभ्यासांतही स्त्रियांनी छळ टाळण्यासाठी ओळख लपवल्याच्या नोंदी आढळतात.

आक्षेप व चिंता

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'खेळविकृती'चा समावेश केला असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावरचे नियंत्रण सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि हानी होत असूनही खेळणे न थांबवणे ही तिची लक्षणे होत. केवळ अधिक वेळ खेळणे म्हणजे विकृती नव्हे. साधारणतः वर्षभर ही स्थिती टिकून व्यक्तीचे शिक्षण, काम किंवा कौटुंबिक जीवन गंभीरपणे बाधित झाले तरच हे निदान केले जाते. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालवले जाते.

दुसरा आक्षेप खेळांच्या रचनेवर आहे. रोजच्या हजेरीचे बक्षीस, ठरावीक मुदतीत संपणारे पोशाख आणि नशिबावर उघडणाऱ्या पेट्या यांमुळे मुले खर्चात ओढली जातात. पालकांच्या खात्यातून नकळत रकमा गेल्याच्या तक्रारी याच वाटेने उद्भवतात. तिसरी चिंता अनोळखी प्रौढांकडून मुलांशी होणाऱ्या संपर्काची आहे. मूल कोणत्या जगात वावरते, त्याचे सोबती कोण, आणि त्रास झाल्यास तक्रार कोठे करायची, हे पालकांना ठाऊक असणे हा यावरील प्राथमिक उपाय मानला जातो. मोबाइल काढून घेतल्यास संपर्क तुटतो, परंतु त्रास सांगण्याची वाटही बंद होते.

अभ्यास

या विषयाचा अभ्यास मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, विधी आणि मानसशास्त्र या शाखांतून होतो. टी. एल. टेलर यांनी एव्हरक्वेस्टमधील समाजावर २००६ मध्ये, तर टॉम बेलस्टॉर्फ यांनी सेकंड लाइफवर २००८ मध्ये ग्रंथ लिहिले. बेलस्टॉर्फ यांनी एखाद्या गावात राहून अभ्यास करावा तसा संपूर्ण अभ्यास त्या जगात राहूनच केला. निक यी आणि जेरेमी बेलन्सन यांनी २००७ मध्ये दाखवले की अवताराचे रूप बदलले की माणसाचे वागणेही बदलते; उंच अवतार लाभलेली माणसे वाटाघाटीत अधिक ठाम राहिली. सोंगामुळे सोंग घेणाराही बदलतो, असे या निष्कर्षाचे सार मराठीत सांगता येईल.

हे सुद्धा पहा

आभासी वास्तव
ई-क्रीडा
दशावतार
बहुरूपी
माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००